पालीला उतरणारी जुनी वाट

३ नोव्हें., सोम.
दादाचा पुण्याहून फोन. रविवारी येतोय, आईला कायमचं घेऊन जाणार. डोळ्याच्या ऑपरेशननंतर ती पालीत एकटीच; आठवड्यातून एकदा तरी कुणी जाऊन यायला नको? बरोबर आहे त्याचं. मी वर डोंगरावर, ती खाली पायथ्याशी. पण मांजरसुंब्याहून जीप म्हणजे घाट, आणि घाट म्हणजे तोंडाला पिशवी. मला गाडी लागते हे अख्ख्या गावाला माहीत. पोचल्यावर आईच माझी सेवा करते!
आई फोनवर रडली. "पुन्यात कुनाच्या ओट्यावर बसू गं मी?"

४ नोव्हें.
सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या, त्यांच्या काळी बाया डोंगराच्या सोंडेवरून पायीच पालीला उतरायच्या. आता कुणी जात नाही. मी म्हटलं, मी जाणार. हे दुकानातून ओरडले, "वान्याची बायको अन् पायी माहेराला? लोकं काय म्हनतील?"
म्हटलं, लोकांना एकदा जीपमध्ये माझ्या शेजारी बसवा.

६ नोव्हें.
फजिती. मळलेली वाट दिसली म्हणून धरली, ती निघाली शेळ्यांची. बोरीच्या जाळीत नेऊन सोडलं मेलीनं. शेळ्यांना कुठं माहेर गाठायचंय! रडकुंडीला येऊन परत फिरले. साडीतली कुसळं काढत सासूबाई हसू दाबत होत्या. "खाली बघून कशाला चाललीस? पालीच्या धरनाचं पानी समोर ठिवायचं. दिसंनासं झालं की चुकलीस."
यांनी कोयत्याला धार लावून तो दाराशी ठेवला.

८ नोव्हें.
उतरले!! मधे घाणेरीची झुडपं माजलीयत, तोडत तोडत गेले. पण पोटातलं पाणी हललं नाही. आईनं दार उघडलं, माझ्यामागं जीप शोधली.
"कशानं आलीस?"
"पायानं."
पिठलं-भाकरी. माहेरी पोचल्या पोचल्या भूक लागली, किती वर्षांनी! चढताना जीव गेला, तरी उजेडात घरी. लई लई आनंद.

९ नोव्हें., रवि.
पुन्हा उतरले. आईची बॅग दारात, भरून तयार. दादाला म्हटलं, दर सोमवारी मी येत जाईन.
"अन् पावसाळ्यात? पडलीस तर आईला बघू का तुला?"
दादानं पायात बूट घातले.
"चल, दाखव तुझी वाट."
माझ्याबरोबर चढला. दोनदा बसला, घामानं निथळला. काय ठरवतोय, मला धाकधूक. वर पोचून घोटभर चहा, मग आईला फोन. "होळीपर्यंत ऱ्हा हितंच. मग बघू. बॅग मातर भरलेलीच असू दे." आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तो आज रात्रीच एकटा पुण्याला निघेल.
होळीपर्यंत तर होळीपर्यंत. पावसाळ्याचं काहीतरी सुचेल.
आईनं बॅग तशीच ठेवलीय की लगेच रिकामी केली, फोनवर विचारायचा धीर झाला नाही. उद्या सोमवार. जाऊन बघते.