साठ तागे कवट्या

२ मार्च
दुकान आपलं झालं. खरी किंमत लिहून ठेवतो: सतरा वर्षं डोक्यावर वाहिलेले गठ्ठे, दारात चिरडलेलं एक बोट आणि हिचं शिवणयंत्र. पैसे निराळे. खाली कापडाचं दुकान, वर दोन खोल्या. जिन्याची तिसरी पायरी कुरकुरते. ही म्हणाली, बरंच आहे, तुम्ही घरी आलात हे निदान कळेल तरी. नव्या गावात पहिल्याच दिवशी टोमणा, म्हणजे घर पसंत पडलं!

५ मार्च
समोर एक म्हातारी गोधड्या शिवते. सगळे तिला मावशी म्हणतात. माझ्याकडे फुलं, पट्टे, ठिपके, नव्वद तऱ्हा. गर्दी मात्र तिच्याकडे. तिचा माल एकच: वीतभर पांढरे चौकोन, प्रत्येकावर एक काळी कवटी. लोक चौकोन तसाच्या तसा खिशावर, पिशवीवर, पांघरुणावर शिवून घेतात. कान टवकारून बसलो. पोस्टमन सांगत होता, फुलांचा शर्ट घातला की लोक हसतात, कवटी लावली की वाट देतात. कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, कवटी कधी जाड दिसत नाही. सतरा वर्षं कापडात घालवली, हे मला का सुचू नये? खरं सांगतो, पोटात दुखलं.

९ मार्च
ही आता दुपारभर तिकडेच असते. तिथे शिवणयंत्र आहे ना! आज एक चौकोन घेऊन आली. त्या कवटीचा पुढचा दात तिरका, अगदी हिच्यासारखा. गठ्ठ्यात ज्याला त्याला आपापली सापडते म्हणे. उशीवर ठेवून त्याच्याशी बोलते, हसतेसुद्धा. माझ्याशी कधी हसली होती शेवटची? मी जाऊन माझी मागितली. मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, बाबा, तुला विकायची फार घाई आहे.

१४ मार्च
ही आंघोळीला गेली तेव्हा चौकोन उचलला आणि छपाईवाल्याकडे नेला. त्याने फोटो काढून घेतला. चौकोन परत उशीवर. साठ तागे छापायला टाकले. दर वीतभर अंतरावर तोच तिरका दात.

२८ मार्च
तागे आले. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला दोन मीटर कापून दिलं, तेवढ्यात वरून ही ओरडली, आई गं! सुई टोचली असेल म्हटलं. कोपरावर सरळ रेघ होती. रक्त नाही.

२ एप्रिल
साठच्या साठ संपले. मावशीला उभ्या जन्मात जमलं नसतं ते मी सहा दिवसांत करून दाखवलं. शेजारच्या शिंप्याला हे सांगितलं, समोर ऐकू जाईल अशा आवाजात. मावशीची सुई थांबली.
हिच्या दोन्ही हातांवर रेघा. डॉक्टर म्हणाला, कोरडी हवा.

४ एप्रिल
रेघा मानेपर्यंत. एका रेघेच्या कडेला काहीतरी लोंबत होतं. ओढलं. पांढरा दोरा.
शेजारी शिंप्याची कात्री चालते आणि वर ही कण्हते. माझे कान खोटं सांगत नाहीत. दोन्ही आवाज एकदमच येतात.

६ एप्रिल
दारोदार फिरलो. कापड परत द्या, दुप्पट देतो. पडदे झालेत, उशा झाल्यात, उरलेलं आज बेततील. एक बाई हसून म्हणाली, मालक, तुमच्याच दुकानात मिळेना का? शिंप्याचे हात धरले. त्याने झटकले, म्हणाला ऑर्डर आहे, उद्या द्यायचीय—

७ एप्रिल, सकाळ
तीन ठिकाणी कात्र्या चालू. हिला हाक मारली. अर्धाच चेहरा वळला.

दुपार
मावशी वर आलीये. हिच्या उशाशी बसून शिवतेय. जिथे जोडता येईल तिथे—
विचारलं, तुझे एवढे चौकोन विकले गेले, मग कुणालाच कसं काही—
तिने दातांनी दोरा तोडला. म्हणाली, विकले कधी? ज्याचा त्याला दिला. आजवर एकही विकला नाही.
आणि मी साठ—