पन्नासवरची निळी पट्टी

३ मार्च, सकाळी ९.१५
संकल्प: या महिन्यात कुणाचाही हेवा करायचा नाही. मुळात हेवा करण्यासारखं आहेच कोण? लॅबमधल्या नव्या मुलीला (मी तिला नवीच म्हणतो) येऊन पाच महिने झालेत, मला सहा वर्षं. काल तिने मीटिंगमध्ये एक ग्राफ दाखवला आणि लॅबच्या प्रमुख मॅडम चक्क वा म्हणाल्या. मला सहा वर्षांत तीनदा म्हणाल्यात. त्यातला एक वा माझ्या नव्या चष्म्याला होता.

यंदाच्या विज्ञान परिषदेत आमच्या लॅबमधून एकच जण बोलणार. पंधरा मिनिटं. ज्याचं काम पक्कं तो जाईल, महिनाअखेर ठरवू, असं मॅडम म्हणाल्या. यात ठरवायचं काय, ते मला कळलं नाही.

४ मार्च
व्याख्यानाची सुरुवात लिहून काढली. पेशीच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रोटीन, असतो. बाहेरून ग्रोथ फॅक्टर वाढीचा निरोप घेऊन येतो. तो लागला की दोन रिसेप्टर जवळ येतात, एकमेकांवर फॉस्फेटचे शिक्के मारतात, आणि त्या शिक्क्यांना आतली प्रोटीन्स येऊन चिकटतात. निरोप आत पोचतो, पेशी वाढते.

आता चिकटतं कोण कोण, हा खरा प्रश्न. मी आजवर कुणालाच न दिसलेलं प्रोटीन शोधतोय. नवी एका जुन्याच प्रोटीनला चिकटायला किती मिनिटं लागतात ते मोजते. घड्याळ असलं की कुणालाही जमेल.

बायकोला वाचून दाखवलं. छान आहे म्हणाली, पण तुझं प्रोटीन सापडलंय का, असं विचारलं. शाळेत गणित शिकवणाऱ्यांना उत्तराचीच घाई.

९ मार्च, दुपारी ३.४०
सापडलं!!! पेशी फोडल्या. त्या रसात रिसेप्टरला पकडणारी अँटीबॉडी टाकली (सशात तयार केलेली, उत्तम दर्जाची). रिसेप्टर वर ओढला आणि त्याच्यासोबत जे जे आलं ते जेलवर वजनाप्रमाणे वेगळं केलं. जेल रंगवली. पन्नास किलोडाल्टन वजनाच्या खुणेवर निळी, ठसठशीत, अंगठ्याएवढी रुंद पट्टी!

नवी डोकावली. दादा, रिकामी लेन कुठाय, म्हणाली. म्हणजे पेशींचा रस न घालता नुसती अँटीबॉडी टाकलेला जेलचा एक खाना. ती नेहमी लावावी हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात शिकवलंत, हेही वर. जेलला खाने दहा. दहाही मी माझ्या नमुन्यांनी भरले होते. माझा एक खाना वाया घालवायचा हिचा डाव मी बरोब्बर ओळखला. शिवाय सगळ्यांदेखत दादा म्हणते. म्हणजे मी म्हातारा हे आपोआप सिद्ध.

१२ मार्च
पेशींना ग्रोथ फॅक्टर न देता तोच प्रयोग केला. निरोप नाही तर शिक्के नाहीत, शिक्के नाहीत तर कुणी चिकटायलाही नको. तरी पट्टी आली. तेवढीच जाड.

तासभर विचार केला. याचा अर्थ माझं प्रोटीन निष्ठावान आहे. निरोप येवो न येवो, ते रिसेप्टरला सोडत नाही. व्याख्यानात निष्ठा हा शब्द घ्यायचा.

१६ मार्च
आज ज्या पेशींत रिसेप्टरच नाही, त्या घेतल्या. पट्टी आहेच! मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. रिसेप्टरच नाही तर हे चिकटलंय कुणाला, असं त्यांनी विचारलं. कदाचित याला रिसेप्टरची गरजच नसेल, असं मी म्हणालो. खोलीत शांतता पसरली. मोठ्या शोधाआधी पसरते तशी.

पट्टी कापून ओळख पटवायला तपासणी विभागात पाठव, अहवाल आला की परिषदेचं ठरवू, असं त्या म्हणाल्या. म्हणजे ठरलंच.

१८ मार्च
नवीने आज मीटिंगमध्ये सगळं काम मांडलं. ग्रोथ फॅक्टर दिल्यावर दोन मिनिटांत तिचं प्रोटीन चिकटतं, पाचव्या मिनिटाला सगळ्यात जास्त, विसाव्याला सुटून जातं. तीनदा केलंय, तीनदा तेच. प्रत्येक जेलच्या एका टोकाला रिकामी लेन, आणि तिच्यात तिच्या प्रोटीनच्या जागी खरोखरच काही नाही.

इथे कोण वाचतंय, म्हणून खरं लिहितो. जळलो. टाळ्या वाजवल्या, पण एका हाताने पेन धरून. मॅडम दोनदा वा म्हणाल्या. पाच महिन्यांत हिचा हात असा बसला, आणि तो बसवला कुणी? मी. ते मात्र कुणाच्या लक्षात नाही.

घरी जेवताना बायको म्हणाली, पोरीचं काम चांगलं असेल तर चांगलं म्हण की, तुझं काय जातंय. सगळंच जातंय. तिला सांगून काय उपयोग?

२४ मार्च, सकाळी ११
अहवाल आला. आमच्या पेशी माणसाच्या. अहवालात लिहिलंय: प्रोटीन सशाचं.

नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. त्या विभागात बेशिस्त फार. किंवा कुणीतरी मुद्दाम केलं. नाव घेत नाही, पण माझ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कुणाच्या नळ्या असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

२५ मार्च, सकाळी ७.३०
लॅबमध्ये कुणी यायच्या आत आलो. दहाच्या दहा खाने रिकाम्या लेनचे लावले. पेशींचा थेंबसुद्धा नाही, नुसती अँटीबॉडी.

दुपारी १२.१०
दहा पट्ट्या. सगळ्या पन्नासवर. सगळ्या अंगठ्याएवढ्या.

अँटीबॉडी स्वतःही प्रोटीनच. जेलवर घालण्याआधी नमुना उकळला की तिचे तुकडे होतात, त्यातला जड तुकडा पन्नासवर बसतो. म्हणजे जे मी घातलं तेच मला सापडलं. सोळा दिवस. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच सांगतो, फळ्यावर चित्र काढून.

नवी मागे कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. नुसती कॉफी ठेवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

२८ मार्च
परिषदेला नवी जाणार. मॅडमनी तीन वाक्यांत सांगितलं, त्यातलं एक माझ्या कष्टांबद्दल होतं. मी मनापासून अभिनंदन केलं. मनापासून म्हणजे, आवाज बऱ्यापैकी मोठा होता.

संध्याकाळी नवी माझ्या टेबलापाशी आली. तिसऱ्या स्लाइडवर माझ्या दहा पट्ट्यांचा फोटो घेऊ का, म्हणाली. रिकामी लेन का लावायची हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. तुमचं नाव अर्थातच घालणार नाही, दादा. मी म्हणालो, का नाही? घालायचं, पूर्ण घालायचं, आणि बारीक अक्षरात नको. ती म्हणाली, नीट विचार करा. विचार झाला म्हणालो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, माझं काम परिषदेत दाखवणार आहेत. तिचा चेहरा एकदम खुलला. किती वेळ दाखवणार, असं तिने विचारलं. नवी म्हणाली होती, साधारण वीस सेकंद.

मी एक मिनिट सांगितलं.