चष्मा काढला की पुन्हा पहिल्यापासून

चि. धाकटे,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? मेहुण्यांचा खोकला दुकानातल्या रंगांच्या वासाने वाढतो असं मी म्हणतो, सिगारेटींनी वाढतो असं तू म्हणतेस, आणि खोकला आपल्या दोघांचंही न ऐकता वाढतो. त्यांना माझा नमस्कार सांग आणि मफलर गुंडाळायला सांग. मी इथे ठणठणीत आहे. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. कागद मध्येच तोडत नाही.

तू मला इथे कशाला पाठवलंस ते मी विसरलेलो नाही (दर फोनला तू तेच विचारतेस, म्हणून आधीच लिहून टाकतो). तुझी लेक, आपली बारकी, विद्यापीठात शिकवते, पण नोकरी कच्ची. समिती येणार, तिचा तास बघणार, आणि मग तिला पक्कं करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. पोरगी फोनवर रडते, पोरं वर्गात ऐकत नाहीत. तेव्हा दादा, तू जा, पुस्तकं खोक्यांत भर, ही दोरी घे, खोकी बांध आणि तिला घेऊन ये, दुकानातली खुर्ची पुसून ठेवली आहे. असं तुझं फर्मान होतं. दोरी मी जपून आणली. चांगली दोरी आहे. तिचं पुढे काय झालं ते पुढे येईलच.

बारकी मला बघून खूश झाली, पण दोरी बघून तिचं तोंड एवढंसं झालं. मी दोरी पटकन उशीखाली सारली आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, की तू नेमकं शिकवतेस तरी काय? तर म्हणाली, जमिनीत पाणी कसं मुरतं ते. मी म्हटलं, वरून खाली. ती म्हणाली, "मामा, एवढं सोपं असतं तर मला पगार कोणी दिला असता?" (तुला म्हणून सांगतो, अजूनही मला ते वरून खालीच वाटतं. पण मधे बऱ्याच भानगडी आहेत.)

दुसऱ्या दिवशी मी तिच्या तासाला जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. धाकटे, तुला माहीतच आहे, मी जन्मभर लाउडस्पीकर भाड्याने दिले. सभा म्हणू नकोस, सत्कार म्हणू नकोस, शोकसभा म्हणू नकोस. जेवढी भाषणं मी ऐकली तेवढी करणाऱ्यांनीही ऐकली नसतील, कारण ते आपलं झालं की निघून जात, मला वायरी गुंडाळायच्या असत. त्यात मी एकच गोष्ट शिकलो. आवाज पोचला की नाही हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही, ते मागच्या माणसाला कळतं. म्हणून मी नेहमी मागे उभा राहून खुणा करायचो. आमची बारकी वर्गात आली, आल्या आल्या फळ्याकडे वळली, आणि तास संपेपर्यंत फळ्याशीच बोलली. फळा अतिशय लक्ष देऊन ऐकत होता. बाकी कोणी नाही. माझ्या पुढचा पोरगा आपल्या बोटांची नखं एकेक करून बघत होता, आणि दहाही बघून झाल्यावर त्याने शेजाऱ्याची घेतली.

घरी येताना ती म्हणाली, "काहीतरी बोल ना मामा." मी म्हटलं, आवाज मागे पोचत नाही. तर ती एकदम थांबून म्हणाली, "मामा, माझ्या वर्गात कर्णा लावायचा नाही!" (कर्णा मी आणलाच नव्हता. माइक तेवढा आणला होता, तो पिशवीतच राहिला.) शेवटी ठरलं ते असं, की मी मागे बसून खुणा करायच्या. कानाला हात लावला म्हणजे ऐकू येत नाही, आणि चष्मा काढून बाकावर ठेवला म्हणजे कळलं नाही, पुन्हा सांग. इतक्या साध्या गोष्टीत माझ्यासारख्या माणसाकडून काही चूक होईल असं तुला वाटतं का?

पुढचा तास जेवणानंतर होता. वर्गात पंखा, खिडकीतून ऊन, आणि बारकीचा बारीक आवाज. मला डुलकी लागली. आता झोपताना मनुष्य चष्मा काढतो की नाही? मी काढला, बाकावर ठेवला, आणि गेलो. बारकी सांगत होती, की बारीक मातीच्या थराखाली जाड रेती असली तर पाणी भराभर खाली जाईल असं आपल्याला वाटतं, पण ते तिथेच अडून बसतं. माझा चष्मा खाली बघून तिने तेच पुन्हा सांगितलं. चष्मा खालीच. तिसऱ्यांदा चित्र काढून सांगितलं. चष्मा खाली, वर तोंड उघडं. शेवटी बिचारीने फळा पुसायचा स्पंज पाण्यात बुडवला आणि तळहातावर धरून दाखवला, की बघा, हा भरेपर्यंत एक थेंब खाली सोडत नाही, बारीक माती अशीच पाणी धरून ठेवते, पुरती भरली की मगच सोडते. मी जागा झालो तो पोरांच्या कलकलाटाने. अख्खा वर्ग उठून टेबलाभोवती जमला होता आणि तो नखंवाला स्पंज पिळत होता. बारकी मात्र रागाने लाल. मामाला चार वेळा सांगूनही कळलं नाही म्हणून तिला वाईट वाटलं होतं. मी झोपलो होतो हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

ही खूण पोरांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी मी चष्मा काढला तर पुढच्या बाकावरच्या एका मुलीनेही काढला. मग तिसऱ्याने. पोरांना तोंडाने "कळलं नाही" म्हणायची लाज वाटते, चष्मा काढायला कसली लाज? ज्यांना चष्मा नव्हता त्यांची पंचाईत झाली. कोणी आजोबांचा घेऊन आला, एकजण नुसती फ्रेम, काच नसलेली. नखंवाला तर काळा चष्मा घालून यायला लागला, तो चढवला की जागा आहे की झोपला आहे हे देवालाही कळायचं नाही. पण गंमत बघ. कोणी चष्मा काढला हे बघायचं तर बारकीला फळ्याकडे पाठ करावीच लागे. मी खूण काढली ती ऐकू येत नाही म्हणून, आणि पोरगी बघायला लागली.

आता दोरी. बारकीची खोली लांबलचक बोळाच्या टोकाला. दारावर पाटी, की दुपारी अमुक ते तमुक विद्यार्थ्यांनी शंका विचाराव्यात. ती रोज त्या वेळी ताठ बसायची आणि कोणी म्हणजे कोणी यायचं नाही. रडायची ती त्या वेळी, धाकटे. एकदा बाहेर उभ्या दोघा-तिघांना मी विचारलं, की आत का जात नाही रे? तर म्हणाले, "मॅडम चिडतात का हो मामा?"

"चिडत नाही, घाबरते."

"कोणाला?"

"तुम्हांला."

ते एकमेकांकडे बघून इतके हसले, की आतून बारकीने विचारलं कोण आहे, आणि सगळे पळाले. खरी अडचण दाराची होती. ते आपोआप मिटायचं, तेही असं धाडकन, की जाणाऱ्याला वाटावं मॅडमने तोंडावर आपटलं. मी उशीखालची दोरी काढली आणि दार खिडकीच्या गजाला बांधून टाकलं. (पहिल्या दिवशी विभागप्रमुख तिला अडखळले. ते पडले नाहीत, त्यांच्या हातातला चहा पडला.) उघड्या दारातून बारकी दिसायला लागली, चहा पिताना, पेन शोधताना, आळस देताना. आळस देणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही. एकेक करून पोरं यायला लागली. एक मुलगी तर शंका विचारायला म्हणून आली आणि शिक्षण सोडून जायचं म्हणते असं सांगून गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि खरोखरच शंका विचारून गेली.

संशोधनाबद्दल मात्र मी काही न बोलावं हे बरं, पण तू ऐकशील कोणाकडून तरी, म्हणून मीच सांगतो. प्रयोगशाळेत काचेची उंच नळी आहे, तिच्यात माती. एकदा मी आत गेलो तर ती माती सुकून भेगाळलेली. माझा जीव कळवळला. पोरीला कामाच्या गडबडीत वेळ होत नसेल म्हणून मी तांब्याभर पाणी घातलं. धाकटे, ती माती बारकी सगळा उन्हाळाभर मुद्दाम सुकवत होती. त्या दिवशी ती जेवलीच नाही. मी रात्री तिच्यासाठी दूध गरम केलं, ते मीच प्यायलो. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून लावावा लागला, आणि नोंदी घ्यायला माणसं कमी म्हणून नखंवाला आणि त्याचे दोन मित्र येऊन बसू लागले. आता ते नळीवर कोणाची सावलीही पडू देत नाहीत. दारावर चिठ्ठी लावली आहे, "मामांनी बाहेर थांबावे." संशोधन सुधारायचं असेल तर प्रत्येक विद्यापीठात अशी चिठ्ठी हवी, हा माझा अनुभवाचा सल्ला.

आणि मग समिती आली. बारकीने मला हात जोडले, की मामा, आज नको. पण मी गेलोच. अध्यक्ष म्हणजे वाळलेले, टकले गृहस्थ, याच विषयात म्हातारे झालेले. ते नेमके शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. बारकीने तोच पाण्याचा धडा घेतला. आवाज पहिल्या वाक्याला कापत होता. तेवढ्यात अध्यक्षांनी घाम पुसायला चष्मा काढून बाकावर ठेवला.

बारकी थांबली. आणि तिने पहिल्यापासून सुरू केलं. अध्यक्षांनी चष्मा चढवला, ती पुढे सरकली. त्यांनी काच पुसायला पुन्हा काढला, ती पुन्हा मागे. चष्मा घाला असं सुचवायला मी बाकाखालून त्यांचा कोट ओढून बघितला, त्यांना वाटलं मी पाकीट मारतोय, ते सरकून बसले. तिसऱ्यांदा चष्मा उतरला तेव्हा पुढच्या बाकावरची ती पहिली चष्मेवाली मुलगी वळून उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, नाही कळलं तरी चालेल, पण तेवढा चष्मा घाला. नाहीतर आम्हाला पुढे जाता येणार नाही."

मी मनातल्या मनात दोरी सोडून खोकी बांधायला घेतली. अध्यक्ष म्हणाले, "हा काय प्रकार आहे?" बारकीने सांगितलं. खाली मान घालून, पण सगळं सांगितलं, मामासकट. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे बघितलं. त्यांनी चष्मा घातला. तास पुढे चालला. स्पंज आला, तळहात आला. आणि बारकी म्हणाली, की पुरता भरला म्हणजे मगच सोडतो, तेव्हा अध्यक्षांनी सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, चष्मा काढला आणि म्हणाले, "आता मला खरंच कळलं नाही. पुरता म्हणजे किती?"

बारकी व्यासपीठावरून खाली उतरली. दोन्ही बाजूंच्या बाकांमधून, हातातल्या स्पंजातून पाणी गळत असताना, सरळ आमच्या बाकापर्यंत आली आणि बोलायला लागली. ते म्हणाले असं नव्हे, ती म्हणाली असंच. दोघं भांडले म्हण ना. माझ्या विजारीवर सगळं पाणी. तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत खणखणीत पोचत होता, धाकटे, आणि कर्णा नव्हता.

काल कागद आला. नोकरी पक्की. खाली अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला आहे, की यांच्या वर्गात न समजलेले लपत नाही. बारकी तो वाचून हसली आणि मग दार मिटून घ्यायला उठली, पण दार बांधलेलं, मिटेना. म्हणून उघड्या दारात रडली. पोरांनी बघितलं. एकाने फक्त चष्मा काढला.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा. कळावे, लोभ आहे तसाच, न गळता भरलेला असावा.

तुझा,
दादा
(इथे मला "मागचे मामा" म्हणतात.)

ता. क. तू दिलेली दोरी मी परत आणत नाही. ती कामात आहे. दुकानातल्या खुर्चीचं वाईट वाटून घेऊ नकोस, परत आलो की दुपारचा मी बसेन. रंगांतलं मला काही कळत नाही, पण मागून खुणा करीन.

आणखी एक. येत्या आठवड्यात मी निघतो, म्हणजे शेवटच्या बाकावरची माझी जागा रिकामी होईल. बारकीने मला काही सांगितलेलं नाही. पण वर्गात शिरली की ती आधी त्या बाकाकडे बघते, आणि तू तिला शिकवताना एकदाही ऐकलेलं नाहीस. दुकान मेहुण्यांवर सोड आणि ये.

शेवटचं, आणि हे मनावर घे. तू तिला बघशील आणि तुझे डोळे भरतील, मी ओळखतो तुला. पण काही झालं तरी पुसायला चष्मा काढू नकोस. पोरगी सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून शिकवत बसेल. रडायचं तर चष्म्यासकट रड.