आमच्यात विचारावं लागत नाही

४ मार्च, सोमवार
हॉस्पिटलचं पत्र आलं. डावा डोळा, मोतीबिंदू. गुरुवार १४, सकाळी नऊ. सोबत फॉर्म. त्यात एक रकाना : घरी नेण्यासाठी कोण येणार. कोणी नसेल तर ऑपरेशन होणार नाही म्हणे. चाळीस वर्षं पुलांचे नकाशे काढले, फॉर्म मला नवे नाहीत.
मुलीला फोन करून तारीख सांगितली. तिने विचारलं, रजा टाकू का. म्हणालो, छे, किरकोळ काम आहे. बरं म्हणाली.
येईलच. तीन बसस्टॉप पलीकडे तर राहते.

५ मार्च, मंगळवार
तळघरात कपडे धुवायला गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा बेकरीवाला आणि खालची बस ड्रायव्हर बाई आधीच मशीन अडवून बसलेली.
बेकरीवाला म्हणाला, आमच्यात काकांचा पाय मुरगळला तेव्हा अकरा जण गाद्या घेऊन आले. चार दिवस राहिले. त्यांचा स्वयंपाक काकांनीच लंगडत केला.
ड्रायव्हर बाई म्हणाली, आमच्यात विचारावं लागतं. आई महिनाभर आधी विचारते, मी ड्यूटी बघून हो किंवा नाही सांगते. कोणी रुसत नाही.
मी म्हणालो, आमच्यात विचारावं लागत नाही. कळतं.
ती म्हणाली, पण काका, तुम्ही मुलीला काय सांगितलंत?
म्हणालो, नको म्हणून सांगितलं.
दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मशीन घरघरत होतं. मला त्यांची कीव आली.

७ मार्च, गुरुवार
संकल्प : चौदापर्यंत मुलीला फोन करायचा नाही. तिचं येणं निखळ तिचंच असलं पाहिजे.
टपालपेटीपाशी बेकरीवाला भेटला. साहेब, मी येऊ का म्हणाला. नको म्हणालो.

९ मार्च, शनिवार
जिन्यात त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नको.
मुलीचा फोन नाही. तीही संकल्प पाळत असणार.

११ मार्च, सोमवार
बेकरीवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं. नको. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, सुटलो. त्यांच्यात दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो. तिसऱ्यांदाही नको आलं की पुढे विचारणं हा अपमान.
ड्रायव्हर बाई तिथेच होती. गुरुवारी मला सुट्टी आहे म्हणाली. काका, फक्त विचारा. नाही विचारलंत तर येणार नाही.
माणसं चांगली आहेत. पद्धत नाही त्यांना.

१३ मार्च, बुधवार
शर्टाला इस्त्री केली. बिस्किटांचे दोन पुडे घेतले, एक मुलीसाठी. थांबून थांबून तिला भूक लागेल. फॉर्मवर तिचं नाव लिहिलं. पेनाने.

१४ मार्च, गुरुवार. सकाळी ८.१०
दाराशी उभा आहे.

८.२५
ती थेट हॉस्पिटलला जाईल. तेच सोयीचं.

दुपारी १२.३०
नर्सने साडेनऊला विचारलं, सोबत कोण. म्हणालो, येतेय. सव्वादहाला पुन्हा विचारलं. फोन करा म्हणाली. केला नाही. फोन केला की ते विचारणं झालं.
अकराला माझी जागा एका आजींना दिली. त्यांच्याबरोबर चौघं होती. एवढ्या गर्दीत डोळ्यासारखं नाजूक काम नकोच. मीच पुढे ढकललं म्हणायचं.
दोन्ही पुडे बसस्टॉपवर संपवले.

संध्याकाळी ७
मुलीचा फोन. कसं झालं म्हणाली. छान झालं म्हणालो. रविवारी येते म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.
हेच मी त्या दोघांना सांगत होतो.

१६ मार्च, शनिवार
औषधाच्या दुकानातून डोळ्यावर लावायची प्लास्टिकची झाकणी आणि चिकटपट्टी आणली. आरशासमोर बसवून पाहिली. आरसा धुरकट दिसला. पुसला. तरी धुरकटच.

१७ मार्च, रविवार
ती आली. फळं आणली. पाच मिनिटांनी म्हणाली, बाबा, डावा होता ना?
झाकणी उजव्यावर होती.
म्हणालो, डॉक्टरांनी ऐनवेळी बदलला.
तिने उठून पट्टी सोडवली. झाकणी टेबलावर ठेवली. रागावली नाही. हॉस्पिटलमध्ये काय झालं विचारलं, मी थोडंफार सांगितलं.
मग म्हणाली, आई असताना तुमचा फोन झाला की पाठोपाठ तिचा यायचा. बाबा नको म्हणताहेत, म्हणजे ये. दर वेळी. आता तो फोन येत नाही. आणि मला ओळखत बसणं जमत नाही, बाबा. तुम्ही नको म्हणालात की मी नकोच धरणार. ये म्हणा. एक अक्षर आहे.
मी म्हणालो, तिच्या फोनचं माहीत होतं मला.
माहीत नव्हतं. माझं बोलून झालं की ही आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. मला वाटायचं, कपड्यांच्या घड्या करते.

२० मार्च, बुधवार
नवी तारीख : ४ एप्रिल, गुरुवार. फॉर्म नवा. रकाना तोच.
संकल्प : स्पष्ट विचारायचं. वाक्य कागदावर लिहून काढलं : गुरुवारी ये. चार वेळा मोठ्याने म्हटलं. सोपं आहे.

२१ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६
कागद समोर ठेवून फोन केला. तारीख सांगितली. येऊ का म्हणाली.
म्हणालो, तुझं काम असेल.
म्हणाली, कामाचं मी बघते. येऊ का?
मग ती थांबली. तिच्याकडे नळ चालू होता, तो तिने बंद केला.
नको म्हणालो.
बरं म्हणाली.
फोन ठेवून तिथेच बसून राहिलो. आतल्या खोलीचं दार उघडं होतं.