मिटलेला शिंपला

रत्नागिरी, २ मार्च २०२४

प्रिय भावनावहिनी,
मेघाचा सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. दादाला जाऊन सव्वा महिनाही झाला नाही, आणि मी काम काढते आहे. पण थांबता येत नाही.

वेळशेतच्या किनाऱ्यावरचा वाळूचा खडक जेटीसाठी फोडणार आहेत. २२ तारखेला हरकतींवर सुनावणी आहे. त्या खडकात दादाला दोन्ही बाजू मिटलेला शिंपला सापडला होता. मिटलेला म्हणजे तो जीव तिथेच जगला, तिथेच मेला. लाटेने आणून टाकलेला नाही. म्हणजे समुद्र एके काळी तेवढा वर होता. कड्यात शिंपल्यांचे तीन थर आहेत, हा कुठल्या थरातला ते सांगावं लागेल. तो शिंपला असलेला दगड दादाने घरी आणला होता, त्यावर पांढऱ्या रंगात नंबर असेल. तो कळव. दादाच्या वहीत नंबरापुढे जागा लिहिलेली आहे.

खुशीची परीक्षा कशी चालली आहे? जेवतेस ना?

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
मेघा

प्रताप नगर, नागपूर, ७ मार्च

प्रिय मेघा,
जयभीम.

खुशीचा गणिताचा पेपर बरा गेला. मी जेवते. दगड माळ्यावर आहेत, सवडीने काढते.

तब्येत सांभाळ.
भावना

रत्नागिरी, ११ मार्च

प्रिय वहिनी,
जयभीम.

सवड कुठे आहे गं? जागा सांगता आली नाही तर तो नुसता दगड आहे, असं मला इथे कचेरीत तोंडावर सांगितलं. खडकावर खुणेचे लाल पट्टे मारून झालेत. दादा म्हणायचा, भावनाले एक गोष्ट चार वेळा विचारावी लागते. ही दुसरी वेळ समज. काही झालं असेल तर तेही लिही.

तुझीच,
मेघा

नागपूर, १५ मार्च

प्रिय मेघा,
जयभीम.

मी खोटं लिहिलं. दगड बाल्कनीत आहेत, स्वच्छ. हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी घरातलं सगळं धुतलं. दगडांना खारट वास येत होता. साबण लावून घासणीने घासले. नंबर मला रंगाचे डाग वाटले, तेही घासून काढले. सोळा वर्षं यांच्यासोबत राहून मला एवढं माहीत नव्हतं, हे तुला लिहवेना.

वेळशेतला रेंज नसे, म्हणून हे मला पत्रं लिहायचे. ती मी कुणाला दाखवत नाही. १४ जानेवारीच्या पत्रातलं एवढं उतरवते: “आज मिटलेला शिंपला सापडला वं. भरतीच्या रेघेवर तू उभी राहिली, तर बरोब्बर तुया खांद्याशी येईन. काहून येत नाही तू समुद्र पाहाले? इथं सारं तुयाच मापानं मोजून राहिलो मी.”

खुशीने मला दाराला टेकवून खांद्याशी पेन्सिलीने खूण केली. चार फूट एक इंच. पण कागदावरचा आकडा कोण मानेल? दगड निघाला ती खाच तिथे असेलच. मी १८ तारखेच्या गाडीने निघते. खुशी माझ्या आईकडे राहील.

भरतीची रेघ कुठली, ते तू दाखव. मी उभी राहीन. खांद्याशी खाच असली, तर दगड तूच बसव. तोवर गाडीत तो माझ्या मांडीवर राहील.

हे वाचूनही माया कमी करू नकोस.
भावना