दादा, तुझ्या गाडीचे पाइप बदलले

प्रिय मंदारदादा,

तुझी गाडी आज सुरू झाली. त्यानंतर जे झालं ते सांगायला दुसरं कुणीच सुचेना, म्हणून तुला लिहायला बसले.

तुझ्या लंडनमधल्या इल्फर्डच्या फ्लॅटला पार्किंग नाही, म्हणून ही टर्बोवाली लाडकी माझ्या मिल्टन कीन्सच्या गराजमध्ये आणून ठेवलीस. "थोडे दिवस राहू दे गं, मधू." आणि ऑफिसच्या जिन्यात कोसळलास. असं कुणी जातं का रे? चाळिशीसुद्धा गाठली नव्हतीस.

बाबा पुण्याहून अंत्यविधीला आले ते परत गेलेच नाहीत. रोज चहा झाला की गराजमध्ये जायचे आणि तुझ्या गाडीत, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसून राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "मंदार येईपर्यंत बसतो."

क्रेमेटोरियममध्ये ते माझ्या शेजारी उभे होते, दादा. स्वतःच्या हाताने तुझ्यावर फुलं ठेवली त्यांनी. तरीही म्हणायचे, येईल. मी काय करायला हवं होतं? डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. जेवण सुटलेल्या माणसाला किती वेळ द्यायचा?

मग एका सकाळी गराजचं दार उघडलं, तर पेट्रोलचा भपकारा आला. बाबा आत गाडीत बसलेले. त्यांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं. टाकीपासून इंजिनाकडे जाणारे पाइप गंजून गेले होते. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने खाल्ले होते. थेंब थेंब पेट्रोल जमिनीवर पडत होतं. तू कधी खाली वाकून बघितलं नव्हतंस का रे?

मेकॅनिक आला, टाकी रिकामी करून दिली आणि म्हणाला, "स्क्रॅप करा. या गाडीला मी हात लावणार नाही." बाबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग त्यांना सांग, मलाही घेऊन जा."

त्यांचा चेहरा बघून मी घाबरले. ते खरंच तसं म्हणत होते.

म्हणून मीच केलं. साधं चाक बदलता येत नाही जिला, ती तुझी बहीण व्हिडिओ बघत, गाडी स्टँडवर चढवून, खाली आडवी झाली. जुन्या क्लिपा हात लावताच तुटल्या. गंज डोळ्यांत गेला. नवा पाइप वळणावर चिमटला, तो फेकून दुसरा आणला. बाबा आता गाडीत नव्हते, बाहेर टॉर्च धरून उभे होते.

सगळं जोडून, थोडं पेट्रोल भरून किल्ली फिरवली, आणि एका जोडातून परत थेंब. मी तिथेच काँक्रीटवर बसले आणि तुझ्यावर ओरडले, दादा. सगळं माझ्यावर टाकून गेलास म्हणून. शेजारीण खिडकीत आली. बाबा जवळ आले, म्हणाले, "ऊठ. परत जोडू."

आज प्रत्येक जोडावर टिश्यू फिरवून बघितला. कोरडा. शेजाऱ्यांच्या मदतीने गाडी ढकलत बाहेर काढली. बाबा त्यांच्या सीटवर बसले. मी किल्ली फिरवली, आणि इंजिन असं गरजलं की सगळी गल्ली बघायला लागली. बाबा डॅशबोर्डवर हात ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "बंद कर."

मी बंद केलं.

"छान झालंय काम," ते म्हणाले. "पण चालवणारा गेला गं आपला."

आणि रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. माझ्या खांद्यावर डोकं टेकून, लहान मुलासारखे.

हेच व्हावं म्हणून मी इतके महिने धडपडत होते ना? मग त्या क्षणी माझ्या ओठांवर काय आलं, सांगू? "नाही बाबा, येईल तो." कसेबसे ओठ दाबून धरले. ते रोज म्हणत होते तोवर, दादा, मलाही तेवढाच आधार होता. आता घरात तुझी वाट बघणारं कुणीच उरलं नाही.

मला हे झेपेल का, माहीत नाही. पण शब्द देते. उद्यापासून सकाळी बाबांच्या समोर बसेन, ऑफिसला उशीर झाला तर होऊ दे. ते तुझ्याबद्दल बोलतील, आणि कितीही असह्य झालं तरी मी उठून जाणार नाही.

तुझी,
मधू