जुनं माप

३ फेब्रुवारी
पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. रिपोर्ट क्लिअर. म्हणजे मी बरा आहे. पण बायको म्हणते, हात लावला की दचकून सरकता, बरे कसले? तिच्या समाधानासाठी थेरपीला हो म्हटलं. सहा सेशन आहेत. मी तीनात उरकीन.

७ फेब्रुवारी
पहिलं सेशन. थेरपीवाल्या बाई वयानं लेकीएवढ्या. गोळ्या नाहीत, औषध नाही. म्हणाल्या, भीती अंगात धरून बसलेली असते, तिला अंगातूनच वाट द्यायची. डोळे मिटून पायापासून वर या, कुठे काय वाटतं ते सांगा. पाय ठीक. गुडघे ठीक. खांदे ठीक. बाई म्हणाल्या, मास्तर, मधलं राहिलं. म्हटलं, मध्ये विशेष काही नाही.
होमवर्क: रोज पाच मिनिटं पोटावरच्या व्रणावर हात ठेवायचा. हे काय अवघड!

८ फेब्रुवारी
राहिलं. तीन कोट शिवून द्यायचे होते.

९ फेब्रुवारी
राहिलं. हात गार होते.

११ फेब्रुवारी, दुपारी
युक्ती सापडली. तीस वर्षं शिलाईत काढली, कुठलाही कपडा आधी डमीवर चढवून बघतो. दुकानातल्या डमीच्या पोटावर हात ठेवला. चांगली दहा मिनिटं. काहीही वाटलं नाही. प्रगती आहे.

१४ फेब्रुवारी
बाईंना डमीचं अभिमानानं सांगितलं. हसल्या नाहीत. स्वतःचा व्रण पाहिलाय का, विचारलं. म्हटलं, एकदाच. टाके वाकडे, अंतर कमीजास्त. माझ्या दुकानात असं काम परत केलं असतं. बाई म्हणाल्या, पुन्हा उघडावं लागेल अशी भीती वाटते? काहीतरीच प्रश्न. घरी येताना आपलीच गल्ली चुकलो. ऊन फार होतं.

१६ फेब्रुवारी
स्वतःसाठी पँट शिवली, कंबर छत्तीस. बायको म्हणाली, नवं माप घ्या. मी जगाची मापं घेतो, मला माझं पाठ आहे. वजन परत येईलच. तोवर सेफ्टी पिन आहे.

१८ फेब्रुवारी, सकाळी
पोटात कळ. आला. परत आला. बाथरूमची कडी लावून बसलो. बायको दार ठोठावत होती. मनातल्या मनात दुकान कोणाला द्यायचं तेही ठरवून टाकलं. मग बघितलं, तर पिन उघडून टोचत होती. बायकोला सांगितलं, गॅस.

२० फेब्रुवारी, दुपारी
बाईंना दुकानातून फोन केला. मी ठणठणीत आहे, उद्यापासून येत नाही, असं सांगत होतो आणि पिन सुटली. पँट घोट्यावर.
दुकानात फक्त बायको. हसेल वाटलं. तिनं दार लावलं, टेप घेतली, म्हणाली, सरळ उभे राहा. म्हटलं, माप पाठ आहे. म्हणाली, छत्तीसवाले दवाखान्यात गेले ते गेले. घरी कोण आलंय ते मला बघू तरी द्या.
टेप कंबरेभोवती आली. तिचा हात व्रणावर थांबला. मी सरकणार होतो, पण पाय पँटीत अडकलेले. गिऱ्हाइकासारखा उभा राहिलो. आणि रडलो. हुंदके देऊन. म्हटलं, मला मरायची भीती वाटते गं. ती म्हणाली, मलाही. हात तिनं काढला नाही.
फोन चालूच होता. बाई म्हणाल्या, उद्या नेहमीच्या वेळेला या.
कंबर तीस. वहीत तिनंच लिहिलं.